गोरट्याची आठवण

बालाघाटाचे डोंगर पूर्वेकडे उतरत जातात, तिथे बिदर जिल्ह्यात बसवकल्याणच्या परिसरात गोरटा हे शेतकऱ्यांचे गाव आहे. ज्वारी, तूर, मूग, उडीद ही इथली पिके.

मे १९४८ मध्ये, पेरणीपूर्वीच्या मशागतीच्या दिवसांत, रझाकारांनी गोरट्यावर हल्ला केला. मृतांचा आकडा २०० च्या घरात सांगितला जातो. चार महिन्यांनी, १७ सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान मुक्त झाले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे गेले. तरी शेतकऱ्याचे वर्ष एकच राहिले. वेळा अमावस्येला लातूरकडची आणि बिदरकडची कुटुंबे आजही रानात जातात, कडब्याच्या कोपीत पांडव पूजतात आणि भज्जी-आंबिलीचे जेवण करतात.

मुक्तिसंग्राम दिन पुष्कळदा गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. आपण मराठवाड्याच्या हुतात्म्यांना वंदन करतो, पण गोरटा दुसऱ्या राज्यात गेला म्हणून त्याचे नाव आपल्या तोंडी येत नाही. त्या गावानेही आपल्याच मुक्तीची किंमत मोजली आहे. यंदा आरतीनंतर हुतात्म्यांचे स्मरण करताना आपण गोरट्याचेही नाव घेऊ या.