हाताला हुन्नर, हुन्नराला काम

फाळणीनंतर पिंपरीस निर्वासितांची छावणी वसली. आजचें संत तुकाराम नगर तिच्यापासून दूर नाहीं. प्रौढ बेकारांस हुन्नर शिकविण्याचा सरकारी उपक्रम १९४५ सालीं सैन्यांतून मुक्त झालेल्या शिपायांसाठीं निघाला, मग निर्वासितांस खुला झाला, आणि १९५० मध्यें कारागीर-प्रशिक्षण योजनेच्या रूपानें तरुणांकडे वळला. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. १९६२ मध्यें औद्योगिक विकास महामंडळ आलें. कारखाने उभे राहिले, तेव्हांच शिकलेल्या हातांचें चीज झालें. कारण शिक्षण कसब देतें, काम देत नाहीं. परंतु ज्या प्रौढांसाठीं ही वाट प्रथम निघाली, त्यांनाच ती अरुंद झाली. कारखाना मंदावला कीं चाळिशीचा कामगार पुन्हां नवशिका ठरतो. त्यास शिकविणार कोण, याचा विचार सुज्ञांनीं करावा.