व्यक्तिनामे, महाराष्ट्रातील

व्यक्तीला कुटुंबात व समाजात ओळखता यावे म्हणून जन्मानंतर ठेवलेले नाव म्हणजे व्यक्तिनाम होय. महाराष्ट्रात पूर्ण नाव हे स्वतःचे नाव, वडिलांचे (विवाहित स्त्रीच्या बाबतीत बहुधा पतीचे) नाव व आडनाव असे त्रिपदी असते. येथे त्यांतील पहिल्या पदाचाच विचार केला आहे. हे नाव मुलाचे असले, तरी ते ठेवताना आईबापांचे लक्ष पुष्कळदा मुलाकडे नसे. देव, पूर्वज, मृत्यू किंवा गावातील वरिष्ठ यांना उद्देशून केलेले ते एक निवेदन असे. ज्याला ते नाव मिळे, त्याला मात्र ते जन्मभर वागवावे लागे.

नामकरण हा सोळा संस्कारांपैकी एक संस्कार आहे. पारस्कर गृह्यसूत्राप्रमाणे मुलाचे नाव दोन किंवा चार अक्षरांचे, तर मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे. मनुस्मृतीत ब्राह्मणाचे नाव मंगलसूचक, क्षत्रियाचे बलसूचक, वैश्याचे धनसूचक आणि शूद्राचे जुगुप्सित असावे, असे म्हटले आहे. नक्षत्र, वृक्ष किंवा नदी यांचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये, असेही मनूचे वचन आहे. महाराष्ट्राने ते फारसे मनावर घेतल्याचे दिसत नाही. कारण गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, तुळसा ही नावे येथे घरोघर आढळत. शूद्रांविषयीचा दंडक मात्र या ना त्या रूपाने दीर्घकाळ टिकून राहिला.

लौकिक विधी म्हणजे बारसे. ते सामान्यतः बाराव्या दिवशी होते आणि नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. जन्मनक्षत्राच्या चरणावरून अवकहडा चक्रात अक्षर पाहतात (उदा., अश्विनी नक्षत्रासाठी चू, चे, चो, ला) व त्यावरून रासनाव किंवा जन्मनाव निघते. ते पत्रिकेत राहते. व्यवहारातले नाव निराळे असते. नवसाने झालेल्या मुलाला त्या देवतेचे किंवा साधुपुरुषाचे नाव देत. अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) शाह शरीफ यांच्या कृपेने झालेल्या मुलांची नावे मालोजी भोसले यांनी शहाजी व शरीफजी अशी ठेवली, अशी परंपरा आहे.

आजोबांचे नाव नातवाला देण्याची चाल सर्वत्र होती. तिच्यामुळे एक चमत्कारिक अडचण उत्पन्न होई. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, असा संकेत असल्याने तिला आपल्या पोटच्या मुलालाही नावाने हाक मारता येत नसे. बाळ, नाना, तात्या, बापू, अण्णा यांसारख्या हाकेच्या नावांचा महाराष्ट्रात जो सुकाळ आहे, त्याचे हे एक कारण होय. कित्येकदा हाकेचे नावच मूळ नावाला मागे सारी. लोकमान्य टिळकांचे (१८५६–१९२०) नाव केशव. पण जगाने त्यांना बाळ गंगाधर म्हणूनच ओळखले.

धोंडू, दगडू, केरबा, कचरू, भिकू, उकर्डा ही नावे या विषयातील सर्वांत बोलका भाग आहेत. आधीची अपत्ये दगावलेल्या घरात नव्या मुलाला असे हीन नाव देत. ज्याची आईबापांनाच किंमत नाही, ते मूल मृत्यूही उचलणार नाही, अशी त्यामागची समजूत होती. नावाला कृतीचीही जोड असे : मूल क्षणभर उकिरड्यावर ठेवून परत घ्यावयाचे, किंवा शेजारणीला देऊन मूठभर कोंड्याच्या मोबदल्यात परत आणावयाचे, कोंडाजी, कोंडिबा ही नावे यावरूनच आली, असे सांगतात. मुलाचे नाक टोचून त्याला मुलीसारखे वाढविले, तर तो नथू होई. प्रत्येक धोंडूमागे अशीच कथा असते असे मात्र नाही. अधिक महिन्यास धोंड्याचा महिना म्हणतात आणि त्यात जन्मल्यामुळेही हे नाव मिळे. अशा नावांची माणसे समाजात मागे राहिली, असेही नाही. १६७३ मध्ये पन्हाळा जिंकणारा कोंडाजी फर्जंद आणि भारतरत्न धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) ही त्याची ठळक उदाहरणे होत. ज्याला दगड म्हटले, तो घरात सर्वांत जपलेला असे आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक असे.

नकुशा (नकोशी, नकुसा) या नावाची गोष्ट वेगळी आहे. लागोपाठ मुली झालेल्या घरात नंतरच्या मुलीला हे नाव देत. तिच्या पाठीवर मुलगा व्हावा, ही त्यामागची इच्छा. धोंडू हे नाव खोटे ठरावे म्हणून ठेवलेले, तर नकुशा हे खरे म्हणून ठेवलेले नाव आहे. दोन्हींना ‘हीन नावे’ या एकाच सदरात घालणे योग्य होणार नाही.

स्त्रीचे नाव लग्नापर्यंतचेच मानले जाई. लग्नात ताटातील तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहीत आणि पुढे तेच चाले. रमाबाई रानडे (१८६२–१९२४) या माहेरच्या यमुना. डॉ. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) याही यमुनाच. कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झालेल्या गोदूबाई या आनंदीबाई झाल्या. नद्यांची ही नावे तिन्ही वेळा बदलली गेली, तरी त्याचा मनूच्या निषेधाशी संबंध जोडण्याचे कारण नाही. ती त्या काळी फारच प्रचलित होती. लक्षात घेण्याजोगे आहे ते निराळेच : ही तिन्ही घरे सुधारकांची होती. स्त्रीशिक्षण व पुनर्विवाह यांसाठी समाजाशी झगडणाऱ्या पुरुषांनाही पत्नीचे नाव बदलण्यात काही वावगे वाटले नाही. पत्नीने पतीचे नाव घेण्याचा प्रसंग मात्र उखाण्यापुरताच येई.

नावाच्या शेपटावरून माणसाची पायरी कळे. एकाच रामाचा कोठे रामराव, कोठे रामजी, तर कोठे राम्या होई. महार समाजातील पुरुषांच्या नावांना ‘नाक’ हे पद जोडलेले असे. कोरेगावच्या लढाईच्या (१ जानेवारी १८१८) स्मारकस्तंभावर अशी २२ नावे कोरलेली आहेत. साताऱ्याच्या शाळेत १९०० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव ‘भिवा’ असे नोंदविले गेले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धर्मांतरानंतर बौद्ध कुटुंबांत सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा अशी नावे रूढ झाली. यांतील कित्येक नावे इतर जातींतही लोकप्रिय आहेत, ही गोष्ट जुन्या दंडकाच्या दृष्टीने मोठीच म्हटली पाहिजे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाने शमुवेल, यहेज्केल यांसारख्या बायबलमधील नावांना मराठी वळण दिले. मुंबईचे पहिले सिनेगॉग १७९६ मध्ये बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांची नावे ऐकून ती मूळची हिब्रू असल्याची शंकाही येत नाही. गोव्याच्या ख्रिस्ती समाजात बाप्तिस्म्याच्या वेळी संतांची नावे देतात.

विसाव्या शतकात देवादिकांची लांब नावे मागे पडून राष्ट्रपुरुष, कादंबऱ्या, संगीत व चित्रपट यांतून नावे येऊ लागली. क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर (जन्म १९७३) यांचे नाव त्यांचे वडील कवी रमेश तेंडुलकर यांनी आपले आवडते संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवले. येथेही नाव आईबापांच्याच आवडीचे आहे. फक्त ती आवड आता घराण्याची नसून व्यक्तीची आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजांच्या नावांत दिसणारे आईचे नाव पुढे महाराष्ट्रात लोपले होते. १ मे २०२४ रोजी व त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत ते वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. नाव बदलू इच्छिणाऱ्या प्रौढ व्यक्तीला तसे शासकीय राजपत्रात प्रसिद्ध करता येते.

मुलींच्या बाबतीत जुनी समजूत सहज गेली नाही. राज्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ वर आल्या. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात नकुशा नावाच्या मुलींचा शोध घेण्यात आला आणि २२ ऑक्टोबर २०११ रोजी सातारा येथे २८५ मुलींचे सामुदायिक नामकरण करण्यात आले. त्यांतील अनेक मुली शाळेत जाणाऱ्या होत्या, म्हणून आपले नाव त्यांना स्वतःलाच निवडता आले. कोणी देवीचे नाव घेतले, कोणी चित्रपटातील नटीचे, तर कोणी अर्थ चांगला म्हणून वैशालीसारखे साधे नाव. नव्या नावाचे प्रमाणपत्र प्रत्येकीच्या हाती देण्यात आले.