लक्ष्मीबाई टिळकांना शांती कुठं सापडली?

दारव्ह्याच्या बचत गटांकडून तुम्हा सगळ्यांना रामराम, जय भीम, सलाम आणि जय ख्रिस्त.

आज एका जुन्या काळच्या बाईची गोष्ट सांगणार आहोत. पण आधी आमच्या गटातलं थोडं सांगतो. आमच्याकडे जिच्या घरी महिन्याची बैठक, तिच्या घरचं पाणी, असा रिवाज आहे. मागच्या वर्षी एका ताईच्या घरी बैठक होती, तेव्हा तीन-चार जणी घरून बाटल्या घेऊन आल्या. कुणी म्हणाली घसा धरला, कुणी म्हणाली औषध चालू आहे. त्या ताईनं तोंडातून शब्द काढला नाही. पण पुढचे दोन महिने तिचा हप्ता पोरीच्या हातानं आला, ती स्वतः आली नाही.

कारण सगळ्यांना कळलं होतं, पण बोलायचं कुणी? त्या दिवसांत आम्ही बैठकीत लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ हे पुस्तक थोडं थोडं वाचायला घेतलं. पाण्यावरून होणारा जिवाचा ताप त्या बाईनं आपल्यापेक्षा जास्त भोगला होता.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या बंडात त्यांच्या आईकडच्या आजोबांना फाशी झाली. त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेडच लागलं. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. विटाळाच्या भीतीनं सगळं घर धाकात असायचं. देवाधर्माचं सगळं होत होतं, पण त्या घरात शांती नव्हती. बायकापोरांनी तर ती पाहिलीच नाही.

अकराव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा नारायण वामन टिळक. मोठा कवी, मनानं उदार, पण तापट. हातात पैसा टिकत नसे, दारात कुणी अडलेला आला की देऊन मोकळे. नोकरी आज इथं तर उद्या तिथं. आपल्या विदर्भातही त्यांनी काही काळ काढला. नागपूरला श्रीमंत आप्पासाहेब बुटींच्या आश्रयानं ते लेखनाचं काम करत. पुढे राजनांदगावला जाताना रेल्वेत एका गोऱ्या प्रवाशानं त्यांना बायबल वाचायला दिलं. जातिभेदानं टिळकांचं मन आधीच अस्वस्थ होतं. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. नवरा जिवंत, पण संसार मोडला. पदरात लहानगा दत्तू. धर्म सोडलेल्या नवऱ्याकडे जावं तर जात आणि माहेर तुटतं. न जावं तर जन्मभर दुसऱ्याच्या दारात राहायचं. काही वर्षं त्या नातलगांकडे राहिल्या. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर अक्षर ओळखायला शिकलेल्या या बाईनं त्या दुःखात कविता केल्या. मग मनाचा हिय्या करून त्या मुलाला घेऊन नवऱ्याकडे नगरला गेल्या. गेल्या, पण धर्म सोडला नाही. आपलं सोवळं, आपलं पाणी, आपला स्वयंपाक वेगळा ठेवूनच राहिल्या.

आमच्या बैठकीत या जागी बऱ्याच जणी थांबल्या. एकीनं विचारलं, “मग नवऱ्यानं जबरदस्ती नाही केली?” नाही केली. तापट माणूस होता, तरी या एका गोष्टीत त्यांनी वाट पाहिली. लक्ष्मीबाईंचं मन त्यांचं त्यांनाच बदलू दिलं.

ते बदललंही. हळूहळू त्यांच्या मनात यायला लागलं की माणूस देवानं केला, पण ही उच्चनीच कुणी केली? ती माणसानंच केली असेल तर मी कशाला ओझं वाहते? त्यांनी ठरवलं की यापुढे कुणाच्याही हातचं खायचं, कुणाच्याही हातचं प्यायचं. ध्यानात घ्या मैत्रिणींनो, विटाळ आधी सुटला आणि बाप्तिस्मा मागून, १९०० साली झाला. बापाच्या घरापासून उरावर बसलेली भीती उतरली, तेव्हा त्या बाईला मोकळा श्वास घेता आला.

म्हणून काही त्यांचा संसार सुखाचा झाला नाही. टिळकांच्या हातात पैसा तसाच टिकत नव्हता. १९०० म्हणजे छप्पनच्या दुष्काळाचा काळ. आपल्या वऱ्हाडातही त्यानं हाहाकार केला होता. त्या काळात लक्ष्मीबाईंनी परक्यांची पोरं पोटच्या पोरांसारखी सांभाळली. प्लेगच्या साथीत, जिथं सख्खे नातलग जवळ जात नसत, तिथं त्या रुग्णांची सेवा करायला गेल्या. ज्या हातांना लहानपणी शिवाशिवीची भीती शिकवली होती, त्याच हातांनी हे केलं.

टिळकांनी ख्रिस्ताची भक्ती आपल्या मराठी मातीतच रुजवली. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. त्यांची भजनं मराठी चर्चमध्ये आजही गातात. ख्रिस्ती माणसं आपल्यालाही परकी नाहीत. यवतमाळातच १९५३ ते १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी होती, पुढे ती पुण्याला गेली.

१९१९ साली टिळक वारले. लक्ष्मीबाई खचल्या नाहीत. पुढे मुलाबरोबर त्या कराचीलाही राहिल्या. नवऱ्याचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य त्यांनी पुढे नेलं. त्यातले बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. आणि आपलं आयुष्य ‘स्मृतिचित्रे’त लिहिलं. एवढं भोगलेली बाई, पण पानोपानी हसवते, स्वतःवरही हसते. आम्हाला वाटतं, शांत झालेल्या मनाची हीच खूण. १९३६ साली त्या गेल्या.

आमच्या गटात एक ख्रिस्ती ताई आहे. कापसाच्या वेचणीला जाण्याआधी ती रोज पहाटे प्रार्थना करते. आम्ही तिला विचारलं, यानं दुःख जातं का? ती म्हणाली, “दुःख जात नाही बाई, पण ते एकटीनं उचलल्यासारखं वाटत नाही.” आम्ही कुणाला धर्म बदला असं सांगत नाही. कुणाला शांती प्रार्थनेत मिळते, कुणाला हरिपाठात, कुणाला नमाजात, कुणाला बुद्धवंदनेत. पण शेजारणीच्या हातचं पाणी टाळून ती कुणाला मिळेल, असं आम्हाला वाटत नाही.

पुस्तक अर्धं झालं तेव्हा आम्ही सगळ्या मिळून त्या रुसलेल्या ताईच्या घरी गेलो. जाऊन आधी पाणी मागितलं. ती आत गेली, गुंडातून तांब्या भरून आणला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याही आलं. पुढच्या बैठकीला ती हप्ता घेऊन स्वतः आली.

एक बाई अजून बाटली आणते. आम्ही तिला टोचून बोलत नाही. लक्ष्मीबाईंनाही वेळ लागला होता. पण गुंड आता बैठकीच्या मधोमध असतो आणि पाणी द्यायची पाळी सगळ्यांची असते, त्या ताईचीही.

तुमच्या गटात पाणी कोण देतं, एकदा बघा. नमस्कार.