पाहुण्याचा कान आणि जोसेफची बोली

एमिली ब्रॉन्टेची ‘वुदरिंग हाइट्स’ (१८४७) ही कादंबरी बोलीतील एका शब्दाचा अर्थ सांगत उघडते. यॉर्कशरच्या माळरानावर भाडेकरू म्हणून आलेला लॉकवुड पहिल्याच प्रकरणात वाचकाला समजावतो, की ‘वुदरिंग’ हे तिथले स्थानिक विशेषण असून ते त्या उंचवट्यावर वादळात घोंघावणाऱ्या वाऱ्याचे सूचक आहे. परक्या बोलीशी झटापट करणारा पाहुणाच येथे निवेदक आहे. मात्र एका शब्दाचा अर्थ सांगता आला म्हणजे बोली कळली असे नव्हे. दुसऱ्या प्रकरणात जोसेफ हा म्हातारा नोकर तोंड उघडतो आणि लॉकवुडबरोबर वाचकही दाराबाहेर उभा राहतो.

जोसेफचे बोलणे एमिलीने कानावर पडले तसे लिहिले. निश्चयवाचक उपपद झिजून पुढच्या शब्दाला चिकटलेला केवळ ‘ट्’ उरतो. ‘नाउट’ म्हणजे ‘काही नाही’, पण माणसाला उद्देशून म्हटले तर ‘कवडीमोलाचा’. सर्वात सूक्ष्म गोष्ट सर्वनामांची. लंडनच्या शिष्ट इंग्रजीने ‘तू’ प्रार्थनेपुरता आणि कवितेपुरता ठेवला. यॉर्कशरमध्ये तो स्वयंपाकघरात नांदत राहिला. जोसेफ लॉकवुडशी परकेपणाच्या सर्वनामाने बोलतो, तर पुढे घाबरलेल्या हेअरटनला धीर देताना ‘तू’वर येतो. दक्षिणेकडील वाचकाला या ‘तू’मध्ये बायबल ऐकू येते, आणि जोसेफच्या तोंडी बायबल सतत असल्याने हा गैरसमज पक्काच होतो. तू-तुम्हीत वाढलेल्या मराठी वाचकाला येथला जिव्हाळा चटकन जाणवावा. प्रस्तुत लेखकाला तरी जोसेफची वाक्ये देवनागरीत उतरवून मोठ्याने वाचल्यावरच कळू लागली. डोळ्यांना जे अडते ते कानाला पुष्कळदा अडत नाही.

या दोघांमध्ये नेली डीन उभी आहे. तीही तिथलीच, नोकरवर्गातलीच; पण जवळजवळ सारी कथा ती प्रमाण इंग्रजीत सांगते, आणि तिच्या बोलण्यात प्रांतिक छटा फारशा नाहीत याची दखल लॉकवुड स्वतःच घेतो. निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही मांडणी ‘धग’ (१९६०) वाचणाऱ्यांना परिचित आहे. येथे मात्र तिच्यामागे पाहुण्याची सोय आहे: नेली नसती तर लॉकवुडला कथाच मिळाली नसती.

एमिली १८४८ मध्ये वारली. १८५० च्या आवृत्तीसाठी शार्लटने जोसेफच्या संवादांचे लेखन सौम्य केले. मूळ लेखन यॉर्कशरच्या कानाला अचूक आहे हे तिला मान्य होते. परंतु दक्षिणेतील वाचकांना ते कळणार नाही आणि एक ठसठशीत पात्र त्यांच्यापुरते वाया जाईल, असे तिने प्रकाशनसंस्थेच्या विल्यम्सला कळवले. हेतू बहिणीच्या कृतीला वाचक मिळावेत हाच होता. तरीही ही दुरुस्ती मला चुकीची वाटते. जोसेफ लॉकवुडला दुर्बोध वाटणे हा कथेचाच भाग आहे. तो सुबोध केला की पाहुणा आहे त्यापेक्षा शहाणा ठरतो. पुष्कळ आवृत्त्यांनी दीर्घकाळ शार्लटचाच पाठ छापला. १९७६ च्या क्लॅरेंडन आवृत्तीने १८४७ ची संहिता पायाभूत मानली.

एमिलीचा कान खरा होता काय? के. एम. पेटिट यांनी हावर्थच्या बोलीशी ताडून १९७० मध्ये त्याची बरीचशी ग्वाही दिली. त्याआधीच ब्रॅडफर्डजवळच्या जोसेफ राइटने आपल्या विंडहिल गावच्या बोलीचे व्याकरण १८९२ मध्ये लिहिले होते. बालपणी कापडगिरणीत राबलेला, १५ व्या वर्षाच्या सुमारास अक्षरे शिकलेला हा माणूस पुढे ऑक्सफर्डला प्राध्यापक झाला आणि त्याने सहा खंडांचा इंग्रजी बोलीकोश (१८९८–१९०५) सिद्ध केला. घरचा माणूसच येथे व्याकरणकार झाला. उलट, लीड्स विद्यापीठातून हॅरल्ड ऑर्टन यांनी चालवलेल्या सर्वेक्षणाचे (१९५०–६१) कार्यकर्ते ३१३ ठिकाणी पाहुणे म्हणूनच गेले. हवा असलेला शब्द आपण उच्चारायचा नाही, वस्तू दाखवून किंवा वर्णन करून तो समोरच्याच्या तोंडून काढायचा, अशी त्यांची प्रश्नावली. लॉकवुडला ही शिस्त नव्हती.

कादंबरीच्या अखेरीस तो परततो तेव्हा खिडकीबाहेरून ऐकतो: ज्याच्या यॉर्कशरी उच्चारांची लिंटनने टिंगल केली होती तो हेअरटन वाचायला शिकतो आहे, आणि कॅथी त्याचा एक उच्चार लाडाने, पण हट्टाने दुरुस्त करते आहे. स्वयंपाकघराच्या बाजूने जोसेफची कुरकुर चालूच आहे. त्याचे उच्चार त्या घरात कोणी दुरुस्त केले नाहीत. ते काम पुढे छापखान्यात झाले.