थंडीत पोलाद का फाटते

कडाक्याच्या थंडीत लोखंड ठिसूळ होते आणि रेल्वेच्या चाकांवरच्या धावा तडकतात, ही इंग्लंडमधली जुनी समजूत भौतिकशास्त्रज्ञ जेम्स जूल यांनी १८७१ साली मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे खोडून काढली. त्यांनी तारा गारठवून ताणल्या, रफूच्या सुया मोडून पाहिल्या, बिडाच्या खिळ्यांवर घाव घातले. थंडीने कशातही उणे पडले नाही. तेव्हा दोष चाके न पारखणाऱ्यांचा, असा त्यांचा निष्कर्ष. प्रयोग प्रामाणिक होता, पण जिन्नस चुकीचे होते. सुई बारीक आणि गुळगुळीत. बीड तर उन्हाळ्यातही ठिसूळच, थंडीने त्याचे आणखी काय बिघडणार? जाड पत्रा आणि त्यात एखादी खाच, ही जोडी तपासायची राहूनच गेली.

अमेरिकेत पोर्टलंडच्या धक्क्यावर १६ जानेवारी १९४३ च्या रात्री या जोडीचा प्रत्यय आला. ‘स्केनेक्टडी’ हे नवे कोरे तेलवाहू जहाज शांत पाण्यात बांधलेले असताना प्रचंड आवाज करून मधोमध फाटले. डेक आणि दोन्ही बाजू चिरल्या, तळाचा पत्रा तेवढा टिकला. वादळ नाही, टक्कर नाही. हवा शून्याखाली तीनेक अंश, पाणी चार अंश. ठपका वेल्डिंगवर आला, आणि तो बिनबुडाचा नव्हता. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेशी अडते. वेल्डिंगने सारे कवच एकसंध होते, मग तिला कोण अडवणार? पण एकसंधपणाने भेग लांबवर जाते, पत्रा ठिसूळ होत नाही. केंब्रिजच्या धातुशास्त्रज्ञ कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवले की दोषाचे मूळ पोलादातच आहे. खाचेच्या टोकाशी ताण एकवटतो. उबेत तिथले पोलाद थोडे ताणले जाऊन जोर जिरवते. गारठ्यात लोखंडाच्या अणूंचे थर सहजी सरकत नाहीत, आणि फाटण्यावाचून गत्यंतर उरत नाही. कार्बन आणि फॉस्फरस जास्त, मँगेनीज कमी असले तर हे शून्याच्या वरही घडते; त्याला हिमाची गरज नाही.

मग दुसऱ्या महायुद्धात तशाच पोलादाची, वेल्डिंगने बांधलेली शेकडो ‘लिबर्टी’ मालवाहू जहाजे सुखरूप कशी फिरली? कारण नुसती थंडी पुरत नाही; खाच आणि ताणही त्याच जागी, त्याच वेळी लागतो. डेकवर माल चढवण्या-उतरवण्यासाठी ठेवलेल्या तोंडाचे काटकोनी कोपरे ही तशीच एक आयती खाच. खाच पाडलेल्या पट्टीवर लोलकाचा घाव घालणारी चार्पीची चाचणी १९०१ पासून हाताशी होती. जहाजबांधणीत ती मागणारा कुणी नव्हता. ती मागणी युद्धानंतर आली. ऐन युद्धात पोलाद बदलायला सवड नव्हती, म्हणून कोपरे गोल केले आणि वेल्डिंगच्या जहाजांवर भेग अडवायला पुन्हा रिव्हेटच्या पट्ट्या ठोकल्या.