श्रीमंत देणगीदार आणि पुरोगामी प्रचार : अमेरिकेतील अनुभव

पावतीपुस्तक घेऊन वस्तीत फिरलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याला एक प्रश्न ठाऊक असतो : शंभर घरांतून शंभर-शंभर रुपये आणायचे, की एकाच शेठकडून दहा हजार? आपल्याकडे याची चर्चा बहुधा कुजबुजीतच राहते. अमेरिकेत त्यावर कायदे झाले, खटले झाले. १९७२ साली दलित पँथरने ज्या देशातील ब्लॅक पँथरवरून नाव घेतले, त्या देशात पुरोगामी राजकारणाला पैसा कुठून आला आणि त्याबरोबर काय आले, ते आम्ही येथे थोडक्यात मांडत आहोत.

सुरुवात मतदार नोंदणीपासून करू. १९६१ च्या मे महिन्यात कृष्णवर्णीय आणि गोरे तरुण एकत्र बसने दक्षिणेत गेले. या 'फ्रीडम राइड्स'मधील एक बस अलाबामात जाळली गेली, तरुणांना मारहाण झाली आणि केनेडी सरकारची जगभर नाचक्की झाली. ॲटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी यांनी विद्यार्थी नेत्यांना सुचवले की, हे सोडा आणि मतदार नोंदवा. पैशाची सोय होईल. सोय केली ती टॅकोनिक, फील्ड आणि स्टर्न या श्रीमंत घराण्यांच्या फाउंडेशनांनी. १९६२ मध्ये अटलांटा येथे व्होटर एज्युकेशन प्रोजेक्ट सुरू झाला. विली ब्रँटन हे कृष्णवर्णीय वकील त्याचे प्रमुख होते.

हा पैसा आपल्याला थंड करण्यासाठी आहे, असा संशय विद्यार्थ्यांच्या एसएनसीसी या संघटनेत अनेकांना आला. त्यावरून संघटना फुटायच्या बेतात होती. एला बेकर यांनी मार्ग काढला : एक गट थेट कृती करील, दुसरा नोंदणी. प्रत्यक्षात मिसिसिपीत नोंदणी हीच थेट कृती ठरली, कारण नाव नोंदवायला जाणाऱ्याची नोकरी जायची, घरावर गोळ्या झाडल्या जायच्या. १९६४ पर्यंत दक्षिणेत साडेसहा लाखांहून अधिक नवे मतदार नोंदवले गेले, हे या पैशाचे श्रेय नाकारता येणार नाही. मात्र मिसिसिपीत खर्चाच्या मानाने नावे फार थोडी नोंदली जात होती. म्हणून १९६३ च्या अखेरीस तिथला निधी थांबवण्यात आला. जिथे दहशत सर्वांत जास्त, तिथेच हिशेब जुळला नाही. प्रकल्पाचे अहवाल लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांना हे गणित नवे वाटणार नाही.

१९६७ मध्ये क्लीव्हलँड शहरात फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने नोंदणी मोहीम झाली आणि त्याच वर्षी कार्ल स्टोक्स हे कृष्णवर्णीय महापौर निवडून आले. यावर काँग्रेसमध्ये ओरड झाली. १९६९ च्या करकायद्याने फाउंडेशनांच्या अशा मदतीला अटी घातल्या : मोहीम किमान पाच राज्यांत हवी आणि एकाच देणगीदाराचा वाटा चौथ्या हिश्शाहून जास्त नको.

आता थेट निवडणूक. नोव्हेंबर १९६७ मध्ये सिनेटर यूजीन मॅकार्थी यांनी व्हिएतनाम युद्धाच्या विरोधात आपल्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना आव्हान दिले. दाढी-केस कापून नीटनेटके झालेले विद्यार्थी न्यू हॅम्पशायरमध्ये दारोदार फिरले. १२ मार्च १९६८ रोजी मॅकार्थींना ४२ टक्के मते मिळाली, जॉन्सनना ४९. त्याच महिन्याच्या ३१ तारखेला जॉन्सन यांनी पुन्हा उभे राहणार नाही असे जाहीर केले. विद्यार्थ्यांची ही गोष्ट सगळे सांगतात. पण त्यांच्या बस, पत्रके आणि जाहिराती मोजक्या युद्धविरोधी धनिकांच्या पैशावर चालल्या, हे कमी सांगितले जाते. त्यांत स्टुअर्ट मॉट होते. त्यांचे वडील जनरल मोटर्सचे मोठे भागधारक. मॉट यांनी मॅकार्थींना सुमारे २ लाख डॉलर दिले आणि १९७२ मध्ये मॅकगव्हर्न यांना सुमारे ४ लाख. निक्सन यांच्या कुप्रसिद्ध 'शत्रू यादी'त त्यांचे नाव होते.

वॉटरगेटनंतर १९७४ मध्ये कायदा कडक झाला. एका व्यक्तीने एका उमेदवाराला प्रत्येक निवडणुकीत १००० डॉलरच द्यायचे आणि खर्चावरही मर्यादा. पुरोगाम्यांनी याचे स्वागत करायला हवे होते, अनेकांनी केलेही. पण कायद्याविरुद्ध कोर्टात गेलेल्यांत उजवे सिनेटर जेम्स बकली यांच्या शेजारी मॅकार्थी आणि मॉट बसले होते! मॅकार्थींचे म्हणणे होते की, ही मर्यादा १९६८ मध्ये असती तर सत्तेतल्या राष्ट्राध्यक्षाला आव्हान देणारा प्रचार उभाच राहिला नसता. हा युक्तिवाद सहज उडवून लावण्यासारखा नाही. अनोळखी उमेदवाराला छोट्या देणग्या येतात त्या लोकांना त्याचे नाव कळल्यावर, आणि नाव कळण्यासाठी आधी पैसा लागतो.

३० जानेवारी १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बकली विरुद्ध व्हॅलेओ' खटल्याचा निकाल दिला. देणगीवरील मर्यादा राहिली, खर्चावरील गेली. स्वतंत्रपणे हवा तितका खर्च करा, स्वतःचा पैसा स्वतःसाठी हवा तितका ओता. (भारतात उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा आहे, पक्षाच्या खर्चाला नाही, पळवाट वेगळी, वाहतो तो पैसाच.) पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती थर्गुड मार्शल स्वतःच्या पैशाच्या मुद्द्यावर बहुमतापासून वेगळे झाले. श्रीमंत उमेदवाराला आधीच मिळणारी आघाडी रोखण्याचा काँग्रेसला अधिकार आहे, असे त्यांचे मत होते. आम्हाला त्या निकालातील हे सर्वांत दूरदृष्टीचे मत वाटते. पुढे २०१० च्या 'सिटिझन्स युनायटेड' निकालाने कंपन्यांच्या आणि कामगार संघटनांच्या स्वतंत्र खर्चाचीही वाट मोकळी केली, तिचा पाया बकली खटल्यातच होता. मॉट यांनी मागितलेली मोकळीक त्यांच्या विरोधकांनी कितीतरी जास्त वापरली.

छोट्या देणग्यांचा मार्गही तोवर तयार होत होता. मॅकगव्हर्न यांनी टपालाने पत्रे पाठवून पैसा उभा केला, २००४ पासून ॲक्टब्लू हे ऑनलाइन माध्यम आले. २०१६ मध्ये बर्नी सँडर्स आपली सरासरी देणगी २७ डॉलर असल्याचे सभांतून सांगत आणि लोक तो आकडा त्यांच्याबरोबर ओरडत.

२०२० च्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने वादविवादाच्या मंचावर येण्यासाठी ठरावीक संख्येने देणगीदार असण्याची अट घातली होती. अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग देणग्या घेतच नव्हते. जानेवारीअखेर पक्षाने ती अट काढली आणि १९ फेब्रुवारीला ते मंचावर आले. स्वतःचे १०० कोटी डॉलरहून अधिक खर्चून त्यांनी जिंकला तो फक्त अमेरिकन सामोआ. ४ मार्चला त्यांनी माघार घेतली. नंतर त्यांच्या प्रचार समितीने उरलेल्या पैशातून १.८ कोटी डॉलर पक्षाला दिले. एका व्यक्तीने पक्षाला इतकी रक्कम देणे कायद्यात बसत नाही. उमेदवाराच्या समितीने देणे बसते.