ढगात शिरण्याआधी

ऑगस्ट २०१५. औशात रोज दुपारी आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. सोयाबीननं माना टाकल्या होत्या. औरंगाबादहून विमान उडणार, कृत्रिम पाऊस पाडणार, अशी बातमी होती. विमानाचा आवाज आला की आमची गल्ली गच्चीवर. "विमानानं पाऊस पाडायलेत म्हणं," असं म्हणून आजोबा आभाळाकडं बघत बसायचे. पुढच्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते तुम्हाला आठवत असेल.

मला तेव्हा वेगळाच प्रश्न पडला होता. एवढंसं विमान असल्या ढगात शिरतं, तर परत कसं येतं? उत्तर शोधायला बसलो तर हाताला एक इतिहासच लागला.

पावसाळ्यात आपल्याकडं जमिनीवर तीस अंश तापमान असलं, तरी साधारण पाच किलोमीटर वर ते शून्यावर येतं. गंमत अशी की त्याच्याही वर, उणे दहा अंशांत, ढगातलं पाणी बऱ्याचदा पाणीच राहतं. याला अतिशीत पाणी म्हणतात. गोठायला त्याला कशाचा तरी आधार लागतो. सिल्व्हर आयोडाइडच्या कणांची रचना बर्फासारखी असते. ते ढगात सोडले की त्यांच्यावर बर्फ धरतो, वाढतो, जड होतो आणि खाली येताना वितळून पाऊस होतो. पण त्या पाण्याला विमानाचा पंखही आधार म्हणून चालतो.

आणि सुरुवात नेमकी तिथूनच झाली होती. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचे अर्व्हिंग लँगम्युर आणि व्हिन्सेंट शेफर माउंट वॉशिंग्टनवर विमानांवर बर्फ कसा धरतो याचा अभ्यास करत होते. त्यातून अतिशीत ढगांची ओळख झाली. १३ नोव्हेंबर १९४६ रोजी शेफरनं छोट्या विमानातून ढगात कोरडा बर्फ टाकला आणि ढगाचं हिमात रूपांतर झालं. त्याच महिन्यात त्यांचे सहकारी बर्नार्ड व्हॉनेगट यांना सिल्व्हर आयोडाइडचा गुण सापडला. म्हणजे कृत्रिम पाऊस हा विमानावरच्या बर्फाच्या अभ्यासाचाच वारस.

या बर्फाचा सगळ्यात घातक घाव पंखावरच बसतो असं नाही. तो बोटाएवढ्या नळीवरही बसतो. १७३२ मध्ये आंरी पितो या फ्रेंच अभियंत्यानं पॅरिसमध्ये सेन नदीचा वेग वाकवलेल्या नळीनं मोजला. तीच युक्ती आज प्रत्येक विमानावर आहे. पिटो नळीत समोरून घुसणाऱ्या हवेचा दाब, वजा आजूबाजूच्या स्थिर हवेचा दाब: या वजाबाकीतून वेग कळतो.

नळीचं तोंड बर्फानं बंद झालं आणि पाणी निचरायचं भोक उघडं राहिलं, तर वेगाचा काटा शून्याकडं येतो. हे निदान लक्षात तरी येतं. दोन्ही बंद झाली तर आतला दाब कोंडून राहतो. विमान वर जाईल तसा बाहेरचा दाब कमी होतो, वजाबाकी वाढते आणि काटा सांगतो की वेग वाढतोय. १ डिसेंबर १९७४ रोजी न्यूयॉर्कहून निघालेल्या नॉर्थवेस्टच्या बोइंग ७२७ मध्ये पिटो हीटरचं बटण चालू करायचं राहिलं. वेग फार वाढतोय असं वाटून वैमानिकांनी नाक वर घेतलं. खरा वेग घटत गेला आणि विमान कोसळलं. आतले तिघंही गेले. २००९ मध्ये एअर फ्रान्स ४४७ या विमानाच्या अपघाताची सुरुवातही गोठलेल्या पिटो नळ्यांपासूनच झाली. त्यात २२८ माणसं गेली.

उपाय ऐकायला साधे आहेत. उड्डाणाआधी नळीचं आवरण काढा, हीटर खरंच तापतो का बघा. थंड ढगात शिरण्याआधीच तो चालू करा, बर्फ दिसल्यावर नको. स्थिर दाबाचं छिद्र बुजलं तर पर्यायी झडप उघडा. आणि काटा विचित्र वागला तर त्याच्यामागं धावू नका. नाकाचा कोन आणि इंजिनाची ताकद ठरलेली ठेवा आणि बर्फाच्या थरातून बाहेर पडा.

मी सॉफ्टवेअरवाला. एकदा माझ्याच कोडमुळं आमचा डॅशबोर्ड रात्रभर जुनाच आकडा दाखवत राहिला. सगळं हिरवं, आणि मागं सिस्टिम बंद. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा ठासून खोटं सांगणारं यंत्र जास्त नुकसान करतं, हे मला त्या रात्री कळलं. माझ्या चुकीत फक्त झोप गेली.

पुण्याच्या आयआयटीएमनं २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात विमानांनी प्रयोग केले. योग्य ढग निवडले तर पाऊस सुमारे १८ टक्के वाढू शकतो, असं त्यातून दिसलं. पण ढग मुळात असावा लागतो. हे सगळं मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे आधी ढग पाहिजे? मग ते आम्हालाबी माहीत होतं की." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "अन् ते पोरगं? विमानातलं? नीट उतरत होतं का रोज?"